बिलाविना आलेला माल

पर्युषण जवळ आले की अनेक घरांत टीव्हीचा ताबा बदलतो. एरवी नातवंडांच्या हाती असलेला रिमोट आजीच्या पाटाशेजारी येतो. गुडघ्यांमुळे मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यामुळे सकाळचे प्रवचन पडद्यावर ऐकायचे, दुपारी एखाद्या तीर्थक्षेत्राचे दर्शन घ्यायचे, असा तिचा क्रम ठरतो. याच सुमारास घरातला कुणी तरुण टीव्हीच्या मागे एक काळी काडी खोचतो किंवा तळहाताएवढी अँड्रॉइड पेटी जोडतो. बाजारातून आणतानाच दुकानदाराने तिच्यात काही जादा ॲप भरून दिलेली असतात. "आजी, आता महिन्याचे पैसे भरायचे नाहीत. सिनेमे, क्रिकेट, सगळी चॅनेल फुकट," असे तो आनंदाने सांगतो. पेढीवर आयुष्य घालवलेल्या आजोबांच्या तोंडून मात्र सवयीने एक प्रश्न निघून जातो, "फुकट? मग मूळ माल कुणाचा?"

प्रश्न व्यापाऱ्याचा आहे. घरातल्या या छोट्या यंत्राबाबत सर्वांत उपयोगाचा प्रश्नही तोच आहे.

या काडीत किंवा पेटीत मुळात एक लहानसा संगणक असतो. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक असो वा गुगलच्या अँड्रॉइड टीव्हीवर चालणारी पेटी असो, कंपनी स्वतःचे ॲप-भांडार त्यात देते आणि साधारणपणे तेथूनच ॲप घ्यावे अशी व्यवस्था करते. या भांडाराबाहेरचे ॲप बसवायचे असेल तर एक बंद दार उघडावे लागते. सेटिंगमध्ये यंत्राच्या माहितीच्या पानावर जाऊन ठरावीक ओळीवर सात वेळा बटण दाबले की 'डेव्हलपर' नावाचा दडलेला विभाग प्रकट होतो. तेथे 'अज्ञात स्रोतांकडून ॲप बसवू द्यावे' अशी परवानगी दिली की कोणत्याही संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल त्या यंत्रात बसू शकते. दुकानातला मुलगा दोन मिनिटांत जे करून देतो ते एवढेच.

दार उघडणे हा दोष नव्हे. कोडी या ॲपचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. 2002 साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रावर चित्रफिती पाहता याव्यात म्हणून काही हौशी प्रोग्रामरांनी ते लिहायला घेतले. 2014 मध्ये त्याला कोडी हे नाव मिळाले. ते विनामूल्य आहे, त्याची आज्ञावली कुणालाही वाचता येते आणि त्यात स्वतःचा एकही चित्रपट नाही. ते रिकाम्या कपाटासारखे आहे. आपण त्यात जे ठेवू तेच ते नीट लावून दाखवते. पुढे परक्या लोकांनी त्याला जोडपुस्त्या लावल्या, म्हणजे इतर ठिकाणचे चोरीचे चित्रपट शोधून आणणारी छोटी ॲप तयार केली. त्या भरलेल्या पेट्या 'कोडी बॉक्स' या नावाने जगभर विकल्या गेल्या. परिणामी 2015 मध्ये ॲमेझॉनने आपल्या भांडारातून कोडी काढून टाकले. ज्यांनी ते कपाट फुकट बनवून दिले त्यांच्याच नावाला बट्टा लागला, आणि या पेट्यांशी आपला संबंध नाही असे त्यांना वारंवार सांगावे लागले. गुगलच्या भांडारात कोडी आजही उघडपणे मिळते.

या कपाटाचा सरळ उपयोग आपल्या घरांत किती आहे, याचा मात्र फारसा विचार होत नाही. कित्येक कुटुंबांच्या माळ्यावर श्रवणबेळगोळच्या 1993 किंवा 2006 च्या महामस्तकाभिषेकाच्या कॅसेट आणि तबकड्या पडून आहेत. गावच्या पंचकल्याणक महोत्सवाचे चित्रण, काकांच्या लग्नातली वरात, नव्या दुकानाच्या मुहूर्ताला आलेले आणि आज हयात नसलेले वडीलधारे, हे सारे बुरशी लागून नष्ट होण्याच्या मार्गावर असते. ते एकदा संगणकीय स्वरूपात उतरवून हार्ड डिस्कवर घेतले आणि डिस्क पेटीला जोडली, तर कोडी किंवा व्हीएलसी सारखे ॲप ते वर्षवार लावून टीव्हीवर दाखवते. फायर स्टिकवर कोडी बसवायचे असेल तर ते कोडी प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. बहुतेक स्टिकांना त्याची 32 बिटची आवृत्ती लागते. ॲप बसले की अज्ञात स्रोतांची परवानगी पुन्हा बंद करावी. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळेच विसरतात. वखारीतून माल काढल्यावर कुलूप न लावता घरी येण्यासारखेच ते आहे.

आता दुसरी बाजू. 'सगळे फुकट' दाखवणाऱ्या ॲपचा माल कुठून येतो? कुणीतरी एका ठिकाणी पैसे भरून सामना किंवा चित्रपट घेतो, त्याचे कुलूप तोडतो आणि तोच प्रवाह हजारोंना वाटतो. निर्मात्याला, कलावंतांना, पडद्यामागच्या कामगारांना त्यातून काही मिळत नाही. ॲप चालवणाऱ्याला मिळते ते जाहिरातींतून. चोरीच्या चित्रपटांवर सट्ट्याच्या आणि ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती सर्रास झळकतात, हे अनेकांनी पाहिले असेल. जुगार आणि चोरी ही दोन्ही सप्तव्यसनांतील नावे आहेत. पाठशाळेत ती पाठ केलेल्या मुलासमोर ती एकाच पडद्यावर एकत्र येतात.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचा विचार येथे फार नेमका लागू पडतो. तत्त्वार्थसूत्र हा दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांना मान्य असलेला ग्रंथ. त्याच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, आणि ते वाचताना असे वाटते की लिहिणाऱ्याने बाजारपेठ जवळून पाहिली असावी. खोटी मापे आहेत, भेसळ आहे, राज्याच्या नियमाविरुद्ध केलेला व्यवहार आहे. पण पहिली दोन नावे विशेष लक्षात घेण्यासारखी आहेत. स्तेनप्रयोग म्हणजे चोराला चोरीची वाट दाखवणे, साधन पुरवणे, त्याला उत्तेजन देणे. तदाहृतादान म्हणजे चोराने आणलेला माल घेणे. स्वतः कुलूप न तोडताही व्रताला डाग लागतो, हे येथे गृहीतच धरले आहे. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारातही चोरीचा माल घेण्याला चौरार्थादान असे स्वतंत्र नाव आहे.

अनेकांना हे ओढूनताणून लावल्यासारखे वाटेल. चित्रपटाची प्रत काढल्याने मूळ चित्रपट कमी होत नाही, मग चोरी कसली, असा तर्क नेहमी ऐकू येतो. पण हाच तर्क व्यापारी स्वतःच्या बाबतीत कधी मान्य करत नाही. आपल्या ब्रँडचे खोके छापून कुणी नकली हळद विकली, तर आपल्या गोदामातले एकही पोते कमी झालेले नसते. तरीही आपण पोलिसांत जातोच.

हा युक्तिवाद युरोपात न्यायालयापर्यंत गेला. नेदरलँड्समधला एक विक्रेता इंटरनेटवरून असे प्लेयर विकत असे. त्यांत मोफत उपलब्ध असलेला सॉफ्टवेअर-प्लेयर आणि परक्यांनी बनवलेल्या जोडपुस्त्या आधीच भरलेल्या असत. जाहिरातीत पैसे न भरता सिनेमे आणि सामने पाहता येतील असे सांगितलेले असे. मी फक्त यंत्र विकतो, चित्रपट माझ्याकडे ठेवलेले नाहीत, अशा स्वरूपाची त्याची बाजू होती. युरोपीय न्यायालयाने 26 एप्रिल 2017 रोजी ती फेटाळली. जाणूनबुजून अशा जोडपुस्त्या भरून, त्याच गुणावर नफा कमावत पेटी विकणे म्हणजे ती कलाकृती परवानगीविना लोकांपर्यंत पोहोचवणेच आहे, असे ठरले. घरी बसून पाहणाऱ्याचा प्रश्नही न्यायालयाने सोडला नाही. बेकायदा प्रवाह पाहताना यंत्रात तयार होणाऱ्या तात्पुरत्या प्रतीला कायद्यातली सवलत मिळणार नाही, कारण असा ग्राहक जाणूनबुजूनच तिकडे वळतो, असा निर्वाळा दिला गेला. स्तेनप्रयोग आणि तदाहृतादान, दोन्हींची उत्तरे एकाच निकालात आली.

हा निकाल भारतात बंधनकारक नाही. पण आपल्याकडचा कायदाही ढिला राहिलेला नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली जाणीवपूर्वक उल्लंघन करणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन चित्रपटाचे चोरटे चित्रण आणि प्रसारण यांसाठी किमान तीन लाखांचा दंड ठरला, आणि तो निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. समाजातल्या ज्या कुटुंबांची मोबाइल किंवा इलेक्ट्रॉनिक मालाची दुकाने आहेत, त्यांनी 'मदत करणाऱ्याला' हे शब्द दोनदा वाचावेत. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून दोनशे रुपये घेऊन ॲप भरून देणे ही काउंटरवरची किरकोळ सेवा वाटते. पेटीच्या बिलावर त्या दोनशे रुपयांची नोंद कधी नसते, यावरूनच तिचे स्वरूप ओळखावे.

पाप आणि कायदा बाजूला ठेवले तरी हिशेबाचा भाग उरतो. आपल्या अनेक कुटुंबांत खाली दुकान आणि वर घर अशी रचना असते आणि वाय-फाय एकच. ज्या जोडणीवरून रात्री मुले पेटीवर सामना पाहतात, तिच्यावरूनच सकाळी जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते, बँकेचे व्यवहार होतात, मालाचे भाव पाठवले जातात. अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने जून 2025 मध्ये 'बॅडबॉक्स 2.0' नावाच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. स्वस्त, अनोळखी छापाच्या टीव्ही पेट्यांत, प्रोजेक्टरांत आणि फोटोफ्रेममध्ये घातक प्रोग्राम कारखान्यातूनच भरलेला असतो, किंवा पेटी सुरू करताना अनधिकृत भांडारातून घ्यायला लावलेल्या ॲपबरोबर तो आत येतो. पुढच्याच महिन्यात गुगलने हे जाळे चालवणाऱ्यांविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा बाधित यंत्रांची संख्या एक कोटीच्या वर असल्याचे सांगितले.

हा प्रोग्राम पेटी बिघडवत नाही, म्हणून तो कळत नाही. सामना नीट दिसत राहतो. मागच्या दाराने मात्र घराची इंटरनेट जोडणी गुन्हेगारांना भाड्याने दिली जाते. दूरवर बसलेला भामटा कुणाच्या खात्यावर डल्ला मारतो, आणि त्या व्यवहारावर पत्ता उमटतो तो आपल्या घराच्या जोडणीचा. गोदाम दुसऱ्याने वापरावे आणि पावती आपल्या नावाने फाटावी, असा हा प्रकार आहे. एफबीआयने सांगितलेल्या खुणा सोप्या आहेत. पेटीचा छाप कुणी ऐकलेला नाही, 'सर्व काही मोफत' हीच तिची जाहिरात आहे, आणि सुरू करताना गुगलचे प्ले प्रोटेक्ट हे संरक्षण बंद करायला सांगितले जाते. यातली तिसरी खूण दिसली की पेटी त्याच क्षणी वायरीपासून सोडवावी. ज्यांच्याकडे पेटी आहेच, त्यांनी राउटरमध्ये पाहुण्यांसाठीचे वेगळे जाळे सुरू करून टीव्ही त्यावर टाकावा आणि दुकानाचे संगणक मूळ जाळ्यावर ठेवावेत. केबल किंवा फायबर बसवणारा माणूस हे काम सहज करून देतो.

कंपन्याही आता दारे बंद करू लागल्या आहेत. ॲमेझॉनने 2025 मध्ये व्हेगा ही नवी प्रणाली असलेली स्टिक आणली, तिच्यात भांडाराबाहेरचे ॲप बसवण्याची सोयच ठेवलेली नाही. चोरांबरोबर जुन्या कॅसेटी पाहू इच्छिणारा सरळ माणूसही त्यामुळे बाहेर राहिला. स्वतःचे चित्रण पाहण्यासाठी पेटी घेणाऱ्याने खरेदीपूर्वी ही गोष्ट विचारून घ्यावी.

आणि खरोखर निर्वेध असलेले फुकटही पुष्कळ आहे. डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे ॲप सुरू केले, ते अधिकृत भांडारात मिळते आणि त्यातले बरेच कार्यक्रम विनामूल्य आहेत. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षे चालतो. म्हणजे प्रभातचा 1936 चा 'संत तुकाराम' किंवा अत्र्यांचा 1953 चा 'श्यामची आई' पाहताना कुणाचे देणे राहत नाही. अनेक मंदिरे आणि संघ प्रवचने स्वतःच यूट्यूबवर टाकतात. आजीला हवे असलेले बहुतेक सारे तेथे आहे, आणि त्यासाठी सात वेळा बटण दाबण्याची गरज नाही.

माळ्यावरच्या कॅसेटींसाठी मात्र ते दाबावे लागू शकते. घरात आणलेल्या पेटीच्या बाबतीत या पर्युषणात एकदा सेटिंग उघडून ॲपची यादी पाहावी, प्रत्येक नावापुढे आजोबांचा प्रश्न ठेवावा, आणि ज्याचे उत्तर सांगता येत नाही ते काढून टाकावे. मोकळ्या झालेल्या जागेत 1993 चा अभिषेक मावतो.