वजनाचा तक्ता आणि डॉलरचा भाव

गेल्या दिवाळीनंतर एक तरुण डॉक्टर मित्र माझ्या दांडिया बाजारातील दवाखान्यात आला. "सर, परकीय चलनाच्या व्यवहारात दरमहा दहा टक्के सुटतात म्हणे. आपणही पूर्वी हे केले होते ना?" त्याने विचारले. मी त्याच्यापुढे बालकाच्या वजनाचा तक्ता ठेवला.

निरोगी बालकाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षअखेर तिप्पट होते. दरमहा दहा टक्के चक्रवाढीने रक्कमही वर्षात तिपटीहून थोडी अधिक होते. इथवर दोन्ही रेषा जुळतात. परंतु दोन वर्षांचे मूल जन्मवजनाच्या चौपटच भरते. दहा टक्क्यांचे गणित मात्र दोन वर्षांत जवळजवळ दसपट आणि पाच वर्षांत तीनशेपट सांगते. एका लाखाचे तीन कोटी! असे वाढणारे बालक आपल्यापैकी कोणी पाहिले आहे काय?

आता माझी कथा. भारतात डॉलर-रुपयाचे वायदे ऑगस्ट २००८ मध्ये सुरू झाले. एक करार एक हजार डॉलरचा. म्हणजे भाव एक रुपया हलला की कराराला हजार रुपयांचा फरक. अनामत मात्र मूळ रकमेच्या मानाने अगदी थोडी. हीच खरी मेख. आरंभी दोन-तीनदा थोडा नफा झाला आणि मी स्वतःला जाणकार समजू लागलो. ऑगस्ट २०१३ च्या प्रारंभी डॉलर ६१ रुपयांच्या आसपास असताना, 'आता तो उतरणारच' या खात्रीने मी दहा करार विकले. डॉलर चढतच गेला. दलालाचे फोन येत, मी अनामत भरत राही. २८ ऑगस्टला भाव ६८ च्या वर गेला, तेव्हा सुमारे सत्तर हजारांचा तोटा पदरी घेऊन बाहेर पडलो.

सत्तर हजारांचे दुःख कालांतराने विरले. न विरलेली गोष्ट निराळी आहे. त्याच आठवड्यात एका तापाच्या बाळाला मी औषध लिहून दिले. सिस्टर कागद घेऊन परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, बाळाचे वजन आठ किलो आहे ना?" मी अठरा किलोचा डोस लिहिला होता. माझे लक्ष टेबलाखालच्या मोबाईलमध्ये होते. त्या दिवशी मी खाते बंद केले.

दलालाला अनामत भरत राहणे यालाच मी तेव्हा धीर समजत होतो. वास्तविक धीर म्हणजे काय, हे बालरोगतज्ज्ञाला तरी ठाऊक असायला हवे. नवजात अर्भकाचे वजन पहिल्या काही दिवसांत घटते. आपण मातेला धीर देतो आणि थांबतो. पण घट दहा टक्क्यांपलीकडे गेली की थांबत नाही, कारण शोधतो. थांबण्याची मर्यादा आधीच ठरलेली असते. माझ्या व्यवहाराला अशी मर्यादाच नव्हती. शिवाय निम्मे भांडवल गेले, तर उरलेले दुप्पट झाल्यावाचून मूळ रक्कम परत येत नाही.

आज तर प्रश्न केवळ धीराचा राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या ३ मे २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, ज्याला परकीय चलनाची प्रत्यक्ष जोखीम आहे त्यानेच रुपयाशी निगडित वायदे करावेत. परदेशी ॲपवर असल्या व्यवहारांची अनामत भरण्यासाठी पैसे पाठवण्यास परवानगी नाही. अशा अनधिकृत मंचांची सावधान-यादी बँक सप्टेंबर २०२२ पासून प्रसिद्ध करीत आली आहे. काही मंच शंभरपट उधारी देतात. तेथे भाव एक टक्का उलटला की सारी अनामत संपते. युरोपच्या रोखे-नियामक संस्थेने २०१८ साली सांगितले होते की, भावफरकाच्या करारांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात जातात.

माझ्या मित्राने ॲपचे नाव त्या यादीत शोधले. ते सापडले नाही. "म्हणजे चालेल ना, सर?" त्याने विचारले. यादीत नाव नाही म्हणून परवाना आहे असे होत नाही, हे मी त्याला समजावले. मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी डॉलर लागणार असतील, तर बँकेत जाऊन विचारावे. चलनाचा अभ्यास करायचा असेल, तर वर्षभर वहीत काल्पनिक व्यवहार मांडून पाहावेत.

तो वही घेऊन गेला आहे. दर महिन्याला दाखवायला ये, असे मी त्याला सांगितले आहे.