‘लफेव्र’ या फ्रेंच आडनांवांतील ‘ब’कार

कांहीं महिन्यांपूर्वीं आमच्या एका ग्रंथसंग्राहक स्नेह्यांनीं आम्हांपुढें दोन जुनीं फ्रेंच पुस्तकें ठेविलीं. दोन्हीं मिसर देशांतील प्राचीन लेखांविषयीं होतीं. एकाचे कर्ते यूजेन लफेब्यूर (१८३८-१९०८) व दुसऱ्याचे ग्यूस्ताव्ह लफेव्र (१८७९-१९५७). रोमन लिपींत हीं दोन आडनांवें जवळजवळ ठेविलीं तर एका ठिकाणीं ‘उ’चें अक्षर व दुसऱ्या ठिकाणीं ‘व’चें अक्षर, एवढाच काय तो फरक, शिरोबिंदूसारखी एक खूण सोडून द्यावी. स्नेह्यांनीं हा मुद्रकाचा प्रमाद समजून आपल्या हस्तलिखित यादींत लफेब्यूर यांचें नांव ‘शुद्ध’ करून टाकिलें होतें. त्यांचें समाधान करतांना आम्हांस जें लिहावें लागलें, तेंच थोड्या विस्तारानें येथें देत आहों; कारण हा प्रश्न एका यादीपुरता नाहीं.

प्रथम अर्थ. लॅटिन भाषेंत ‘फाबेर्’ म्हणजे कारागीर. लोखंडाचें काम करणारा, लांकडाचें काम करणारा, असे भेद पुढें विशेषण लावून दाखवीत. गॉल देशांत हा अर्थ संकोच पावून तो शब्द मुख्यतः लोहारास लागूं लागला. द्वितीयेचें रूप ‘फाब्रुम्’. त्यापासून उत्तरेकडील जुन्या फ्रेंचांत ‘फेव्र’ झालें. यांत अनियमित असें कांहीं नाहीं. लॅटिन ‘लाब्रुम्’ म्हणजे ओंठ, त्याचें फ्रेंच ‘लेव्र’. ‘लिब्रुम्’ म्हणजे ग्रंथ, त्याचें ‘लीव्र’. संस्कृत ‘दीप’ शब्दाचा प्राकृतांतून ‘दिवा’ होतांना ओष्ठ्य वर्ण जसा मृदु होतो, तशीच ही प्रक्रिया. ‘ल’ हा मागला अंश केवळ निश्चयदर्शक उपपद आहे. म्हणजे ‘लफेव्र’ याचा अर्थ ‘तो लोहार’ इतकाच. पुढें फ्रेंच भाषेंत लोहाराला ‘फॉर्झरों’ हा निराळा शब्द रूढ होऊन ‘फेव्र’ व्यवहारांतून गेला. तो आतां आडनांवांत व सोनार या अर्थाच्या ‘ऑर्फेव्र’ शब्दांत तेवढा उरला आहे.

दक्षिणेंत मूळचा ‘आ’ स्वर टिकला व उपपद बहुधा लागलें नाहीं, म्हणून तिकडे ‘फाब्र’ आणि ‘फोर’ हीं रूपें दिसतात. कीटकांचे प्रसिद्ध अभ्यासक झां-आंरी फाब्र (१८२३-१९१५) व संगीतकार गाब्रिएल फोरे (१८४५-१९२४) हे दोघेही दक्षिणेंत जन्मलेले. साव्हॉयकडे ‘फाव्र’. ब्रितानी प्रांतांत ब्रेतों भाषा निराळ्याच कुळांतील, तेथील लोहार ‘ल गॉफ’. फ्रेंच राज्यक्रांतीचे इतिहासकार झॉर्झ लफेव्र (१८७४-१९५९) व मध्ययुगाचे इतिहासकार झाक ल गॉफ (१९२४-२०१४) हे दोघे एकाच आडनांवाचे होते असें म्हटलें तर प्रथम कोणास खरें वाटणार नाहीं, पण अर्थतः तें खरें आहे.

लोहाराचें नांव इतकें कां पसरलें? गांवांत लोहार पुष्कळ होते म्हणून नव्हे, तर एकच असे म्हणून. बाराव्या-तेराव्या शतकांत एकाच नांवाचीं पांच माणसें ओळखावयाचीं झालीं तर ‘शेतकरी’ म्हणून भागत नसे, कारण सारेच शेतकरी. ‘लोहार’ म्हटलें म्हणजे माणूस निश्चित झाला. असा एकेक लोहार गांवोगांव असल्यामुळें परस्परांशीं कांहीं संबंध नसलेलीं असंख्य घराणीं एका आडनांवाचीं झालीं. आज फ्रान्सांतील अतिप्रचलित आडनांवांच्या पहिल्या विसांत ‘ब’कारयुक्त लफेव्र मोडतें, आणि बेल्जमच्या सरहद्दीकडील नोर् व पा-द-काले या भागांत तर त्याचें प्राबल्य विशेषच आहे. मात्र अशा गणनेंत फाब्र, फोर, फाव्र, ल गॉफ आणि ‘ब’कारविरहित लफेव्र हीं सारीं वेगवेगळीं मोजलीं जातात, त्यामुळें लोहाराचें खरें बळ तेथें दिसत नाहीं. ‘मार्तें’ हें संतनांव पहिलें येतें, त्याचें एक कारण त्याचे असे तुकडे पडले नाहींत हेंही आहे.

आतां मुख्य गोष्ट. उच्चारांत ‘ब’ नाहीं, तर लेखनांत तो आला कोठून? पंधराव्या-सोळाव्या शतकांतील लेखकूंना लॅटिनचा अभिमान दांडगा. शब्दाचें कुळ डोळ्यांस दिसावें म्हणून ते न उच्चारलीं जाणारीं अक्षरें शब्दांत घालीत. ‘द्व्हार’ म्हणजे कर्तव्य, यांत त्यांनीं ‘ब’ घातला. ‘फेव्रिए’ म्हणजे फेब्रुवारी, यांतही घातला. या पांडित्यांत चुकाही झाल्या. वजन या अर्थाचा ‘प्वा’ शब्द लॅटिन ‘पेन्सुम्’ पासून आलेला असतां तो ‘पोन्दुस्’ पासून आला असें समजून त्यांत ‘द’ घातला, तो आजतागायत तेथेंच आहे. लफेव्रमधील ‘ब’ मूळ ‘फाबेर्’ची आठवण म्हणून आला, हें बहुतेकांचें मत.

दुसरीही एक उपपत्ति आहे, व हस्तलिखितें हाताळणारांस ती अधिक पटेल. त्या काळीं ‘उ’ आणि ‘व’ यांना लिपींत एकच अक्षर होतें. आपल्या मोडींत ऱ्हस्वदीर्घांचा निवाडा वाचकावर सोपविलेला असतो तसेंच. ‘फेव्र’ हा शब्द ‘फउर’ असाही वाचला जाईल, ही भीति. मागें ‘ब’ घातला कीं पुढील अक्षर व्यंजन आहे असें वाचकास कळे. आमच्या मतें दोन्हीं कारणें एकाच वेळीं खरीं असावयास हरकत नाहीं. परंतु उपाय कांहीं ठिकाणीं अंगावर आला. खूण न ओळखणारांनीं ‘ब’ही उच्चारला आणि पुढील अक्षर ‘उ’ म्हणून वाचिलें. त्यांतून ‘लफेब्यूर’ हें नवें आडनांव जन्मास आलें. म्हणजे आमच्या स्नेह्यांस जो मुद्रणदोष वाटला तो दोष खराच, पण कित्येक शतकांपूर्वींच्या वाचकांचा. आणि त्या दोषाचें आतां आडनांव झालेलें आहे.

सामान्य शब्दांतील हीं पाहुणीं अक्षरें पुढें गेलीं. फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या १७४० च्या आवृत्तीनें त्यांची मोठीच झाडणी केली, आणि १७६२ च्या आवृत्तीनें ‘उ’ व ‘व’ हीं वेगळीं अक्षरें मानिलीं. आडनांवांना मात्र कोशाचा अंमल लागू नव्हता. १५३९ च्या व्हिलेर्-कोत्रे येथील राजाज्ञेनें बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचें बंधन घातलें. त्या नोंदींत पाद्री ऐकूं येईल तसें लिही, व एकाच बापाच्या दोन मुलांचीं आडनांवें दोन प्रकारें पडत. क्रांतिकाळीं १७९२ मध्यें नोंदणी सरकारकडे आली, आणि २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्यानें जन्मनोंदींतील नांवाखेरीज दुसरें नांव धारण करण्यास मनाई झाली. १८७७ पासून कुटुंबाची नोंदपुस्तिका सुरू झाल्यावर लेखन गोठलें. तेव्हां ‘ब’ असलेलें घराणें जुनें व खानदानी आणि नसलेलें सामान्य, असें कोणी सांगूं लागल्यास तें मानूं नये. ‘ब’ राहणें न राहणें हें पुष्कळदां एखाद्या गांवच्या लेखकूच्या हातावर अवलंबून होतें.

उलट प्रकारचा घोटाळा लॅटिन ग्रंथांत होतो, व त्यांत आम्ही स्वतः फसलों आहों. एताप्ल गांवचे झाक लफेव्र यांनीं बायबलाचें फ्रेंच भाषांतर केलें, तें समग्र १५३० मध्यें अँटवर्प येथें छापलें गेलें. लॅटिनांत ते ‘फाबेर् स्तापुलेन्सिस्’. आम्हीं एका यादींत या दोन नांवांचीं दोन टिपणें करून दोन विद्वान् निर्माण केले होते! ‘स्तापुल’ चें ‘एताप्ल’ कसें होतें हें ध्यानांत येईतों ते दोघे आमच्या यादींत सुखानें नांदले.

गोमंतकाशीं निगडित असें एक उदाहरण याच जातीचें आहे. १५४२ मध्यें गोव्यास उतरलेले फ्रान्सिस झेवियर पॅरिसला शिकत असतां सेंत-बार्ब विद्यालयांत त्यांच्या खोलींत राहणारा सोबती, साव्हॉयचा प्येर फाव्र (१५०६-१५४६). हाच फ्रेंच ग्रंथांत लफेव्र, लॅटिनांत पेत्रुस् फाबेर्, स्पॅनिशांत पेद्रो फाब्रो. जेज्वितांच्या कागदपत्रांची सूची करणारानें हीं चारही नांवें एका टिपणांत आणिलीं पाहिजेत, परंतु कोणतेंही नांव कागदावरून खोडतां कामा नये.

अमेरिकेंत तर याहून मौज झाली. कानडांतून खालीं उतरलेल्या कांहीं लफेव्र कुटुंबांच्या नांवाचा शेवटचा ‘र’ बोलण्यांत गळाला व ‘ला फेव्ह’ म्हणजे घेवड्यासारखी शेंग, असा समज होऊन इंग्रजींत त्यांचें आडनांव ‘बीन’ झालें. लोहाराचा असा घेवडा झाला.

स्नेह्यांनीं यादींतील आपली दुरुस्ती खोडून मूळ ‘लफेब्यूर’ पुन्हां लिहिलें आहे, आणि समासांत तांबड्या शाईनें ‘लफेव्र पहा’ अशी सूचना घातली आहे. खोडलेलें अक्षर अद्याप खालून दिसतें, तें त्यांनीं आमच्या सांगण्यावरून तसेंच राहूं दिलें.