दोर कुठी जाते?

पाण्याची बाटली संपली की झाकण लगेच फेकू नका. ते ८७ पट मोठं केलं तर जवळपास अडीच मीटरचं चाक होतं. खदानीच्या मनोऱ्यावर दोर फिरवायला असतं ना, साधारण तेवढं. माझ्या टेबलावर सध्या असं एक झाकण २३ सेंटीमीटर उंचीवर बसलंय आणि त्यावरून शिवणाचा काळा दोरा गेलाय. खाली रुळाचा एक तुकडा आणि दोन डबे आहेत. इंजिन नाही, कारण ते इंटर्नला परवडत नाही!

या प्रकाराला मॉडेल रेल्वे म्हणतात. खऱ्या रेल्वेची मोजून-मापून केलेली छोटी आवृत्ती. सगळ्यात जास्त चालणारं माप आहे एचओ, म्हणजे १:८७. पुण्याला गेलात तर कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघा. भाऊ जोशींच्या छंदातून ते उभं राहिलं आणि १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. आपल्याला आधी गाड्याच दिसतात. पण छंदात मुरलेली माणसं विचारतात, ही गाडी नेते काय, आणणार कुठून?

म्हणूनच अमेरिकेतल्या छंदिष्टांचा कोळशाच्या खाणीवर फार जीव. रिकामे डबे आत जातात, भरलेले बाहेर येतात, गाडीला रोजचं काम मिळतं. ॲलन मॅकलेलंड यांनी ओहायोतल्या घराच्या तळघरात ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ नावाची काल्पनिक रेल्वे उभारली, तीही कोळसा वाहणारी. त्यांचं म्हणणं होतं, की आपली रेल्वे तळघराच्या भिंतीशी संपत नाही. डबा बाहेरच्या जगातून येतो आणि तिकडेच परत जातो, असं समजून ती चालवायची.

आपल्याकडे कोळसा नाही, पण…

हे वाचून मी पण कोळशाची खाण बनवायला निघाले होते. मग ट्यूब पेटली. अगं, तू तुमसरची! कोळसा नागपूर-चंद्रपूरकडे. आपल्या भंडारा जिल्ह्यात मँगनीज आहे. तुमसर तालुक्यात मॉयलच्या दोन खदानी आहेत. चिखल्याला जमिनीखालून काढतात, डोंगरी बुजुर्गला वरून उघडं खोदून. डोंगरीच्या मँगनीज डायऑक्साइडचा उपयोग टॉर्चच्या सेलमध्ये होतो, बाकी बहुतेक मँगनीज पोलाद बनवायला लागतं. तुमसर रोडवरून निघालेली रेल्वेलाइन गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत तिरोडीला जाते. म्हणजे मॉडेलला लागतं ते सगळं घराजवळच. मी त्या लाइनकडे आजवर फक्त ‘मामाच्या गावाची गाडी’ म्हणून बघत होते.

दिवाळीच्या सुट्टीत कामाला लागले. पुठ्ठा, खराट्याच्या काड्या, फेव्हिकॉल. चार पायांचा सरळ मनोरा उभा केला, वर झाकण बसवलं, दोरा खाली सोडला. गंजाचा रंग दिला. फोटो काढून ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी ‘भारी’ म्हटलं.

आजोबा चहा पीत बघत होते. ते खदानीतून रिटायर झालेत. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, “अवो, हा दोर कुठी जाते?”

“खाली.”

“खाली तं जाते. वरून कुठी जाते?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

न दिसणारी माणसं

उत्तर असं आहे. माणसांना आणि मालाला खाली-वर नेणारा पिंजरा दोराला टांगलेला असतो. दोर वर जातो, चाकावरून वळतो आणि तिरका खाली एका वेगळ्या इमारतीत शिरतो. तिथं मोठा ड्रम असतो, त्यावर दोर गुंडाळला जातो. दोराचा ओढ त्या बाजूला असतो म्हणून मनोऱ्याचे दोन पाय त्याच बाजूला तिरके टेकलेले असतात. नाहीतर मनोरा ओढला जाईल. माझ्या मनोऱ्याला तिरके पायही नव्हते आणि ड्रमची इमारतही. दिसायला झकास होता, पण एक माणूससुद्धा त्यातून वर आला नसता.

आणि त्या नसलेल्या इमारतीतच माझ्या आजोबांनी नोकरी केली होती. ते वाइंडर होते, म्हणजे तो ड्रम चालवणारे. मला ‘खदानीत होते’ एवढंच माहीत होतं. डोक्यात चित्र होतं कुदळ-फावड्याचं.

“मले माणसं दिसतच नव्हती,” ते म्हणाले. “घंटी आयकाची, काट्याकडं पाहाचं.” पिंजरा किती खोल आहे हे समोरच्या खोली दाखवणाऱ्या काट्यावरून कळायचं. घंटीची भाषा ठरलेली. पिंजरा चालू असताना एक घंटी वाजली तर थांबव. तीन घंट्या म्हणजे माल नाही, माणसं बसणार, हात सांभाळून. पाळी संपेपर्यंत लक्ष हटवायचं नाही. ज्यांना दिसत नाही अशा माणसांचा जीव त्यांच्या हातात असायचा.

मी मास कॉम शिकते. कोण, काय, कुठे, कधी, का हे पाच प्रश्न आम्हाला पाठ आहेत. घरातल्या माणसाला मी त्यातला एकही विचारला नव्हता. तुम्ही विचारलाय?

मनोरा मोडला, पुन्हा केला. या वेळी आजोबा शेजारी बसून होते.

डबा अर्धाच भरा

दुसरी चूक डब्यांची. बॉक्सएन हा आपल्याकडचा नेहमीचा उघडा मालडबा पावणेअकरा मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण १२ सेंटीमीटर. मी तो काठोकाठ भरला. आजोबा हसले. कोळसा हलका, त्यामुळे डबा वरपर्यंत भरतो. मँगनीजचा दगड फार जड. डब्यात साधारण ५८ टन माल चालतो आणि मँगनीजचा तेवढा माल डबा निम्मा भरायच्या आसपासच होतो. पुढच्या वेळी फाटकाशी थांबलात तर बघा. डबा अर्धा रिकामा दिसला म्हणजे काम कमी झालं असं नाही.

आणखी एक गंमत. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची. ८७ ने भागलं तर १९.३ मिलिमीटर येतात. बाजारात मिळणारा एचओ रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा, कारण तो परदेशातल्या १,४३५ मिलिमीटरच्या रुळावरून केलेला आहे. म्हणून भारतीय डबे त्यावर जरा अरुंद पायांवर उभे असल्यासारखे वाटतात. मी ते चालवून घेतलंय.

करून बघायचंय?

● पत्रा: खोक्याच्या पुठ्ठ्याच्या नळ्या या मापाला फार जाड होतात. जुन्या लग्नपत्रिकेवर रिकाम्या बॉलपेनने एकेक मिलिमीटरवर दाबून रेघा मारा. पन्हळी पत्रा तयार.

● लोखंडी सांगाडा: खराट्याच्या काड्या. आधी कागदावर पूर्ण मापात चित्र काढा, काड्या त्यावर ठेवून चिकटवा.

● मँगनीज: चहाची चोथापत्ती धुऊन, कडक वाळवून काळी रंगवा. सेल फोडून आतली पूड अजिबात काढू नका.

● माणूस: पावणेदोन मीटरचा माणूस बरोबर दोन सेंटीमीटरचा. आधी एक माणूस करा, मग दारं, जिने त्याच्या मापाने.

● बघायला: खदानीत परवानगीशिवाय शिरू नका. रस्त्यावरून आणि स्टेशनवरून जे दिसतं ते पुरेसं आहे. बाकीचं तिथं काम केलेल्या माणसाला विचारा.

प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी एकच प्रश्न विचारा, याचं काम काय? उत्तर येत नसेल तर तो तुकडा चुकलाय किंवा अजून कुणाला तरी विचारायचं राहिलंय.

तुमच्याकडे खदान नसेल तर राइस मिल असेल, वीटभट्टी असेल, तलावाचं गेट असेल. तिथं काम केलेलं कुणीतरी घरात नाहीतर गल्लीत नक्की असेल.

ड्रमच्या इमारतीला मी एक खिडकी ठेवली आहे. आत दोन सेंटीमीटरचा एक माणूस बसवलाय, तोंड काट्याकडे. आजोबांनी तो चष्मा लावून बघितला. म्हणाले, “बरा आहे. पन त्याले खुर्ची दे.”

खुर्ची उद्या करते.