३१ मेचे निवृत्त गुरुजी
महाराष्ट्रात जिल्हा परिषदेचे शिक्षक वयाच्या ५८व्या वर्षी, जन्ममहिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतात. १ तारखेला जन्मलेले मात्र आदल्या महिन्याच्या शेवटी. पूर्वी जन्माची नोंद नसलेल्या मुलांना शाळेत घालताना गुरुजी बिनदिक्कत १ जून ही तारीख लावत. त्यांतलेच कितीतरी जण पुढे स्वतः गुरुजी झाले आणि ३१ मे रोजी, ऐन उन्हाळी सुट्टीत, सेवामुक्त झाले. म्हणजे शाल-श्रीफळाला गाव हजर, पण वर्ग रिकामे! शिवाय शिकवण्यापलीकडची जनगणना, निवडणूक, आपत्ती निवारण ही कामे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शिक्षकांकडे ठेवली. निरोपाच्या मानपत्रात मात्र ती अभावानेच दिसतात. शाळा व्यवस्थापन समित्यांनी सेवापूर्ती सोहळा एप्रिलमध्येच, मुलांसमोर घ्यावा.