वरंधच्या उतारावर सेंद्रिय गट : साक्ष शेजाऱ्याची

मे महिना सरत आला की वरंध घाटाच्या पायथ्याची गावे कामाला लागतात. कवळे तोडायची, वाळवायची, गोवऱ्या पसरायच्या आणि दाढ भाजायची. मग मृगाची वाट पाहायची. याच दिवसांत गावबैठकीत हमखास एक प्रश्न येतो, साहेब, सेंद्रिय गट करायचा तर माणसे कोणती घ्यायची? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असते. आपली वाडी, आपली भावकी. माझे उत्तर वेगळे असते. वाडी बघू नका, आधी पाणी कुठून कुठे जाते ते बघा.

आपली भातशेती उतारावरची. वरच्या खाचराचे पाणी बांध ओलांडून खालच्या खाचरात, तिथून पुढच्याच्या शेतात. वरच्याने युरिया फेकला, तणनाशक मारले, की थोड्या वेळात ते खालच्याच्या भातात उतरते. महाड-पोलादपूरकडे मराठा, बौद्ध, मुसलमान, धनगर, कातकरी अशा सगळ्यांची वस्ती आहे. घरे वेगवेगळ्या वाड्यांत असली तरी शेतांचे बांध एकमेकांना लागलेले आहेत. वरचा बांध सोडून गट केला तर तो कागदावरच राहतो.

यासाठी केंद्र सरकारची सहभागी हमी पद्धत, म्हणजे पीजीएस-इंडिया, समजून घ्यावी. परदेशी निर्यातीसाठी बाहेरची संस्था येऊन तपासणी करते, तिची फी भरावी लागते. पीजीएसमध्ये तसे नाही. निदान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट लागतो. प्रत्येक सभासद रासायनिक खते-औषधे न वापरण्याची प्रतिज्ञा करतो. गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेताची पाहणी करून शेरा लिहितात. बदलाच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’ आणि पुढे ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ असे प्रमाणपत्र मिळते. थोडक्यात, इथे साक्ष शेजाऱ्याची. एकाने रात्री गुपचूप युरिया टाकला तर विश्वास सगळ्यांचा जातो, आणि बाजारात गेलेले नाव लवकर परत येत नाही. पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न थोडे खाली येते. त्याच वेळी गट फुटायची भीती जास्त. कुणाचे निवडणुकीवरून बिनसते, कुणाचे सणावारावरून.

म्हणून श्रद्धेचा विषय टाळून चालत नाही. प्रतिज्ञा माणूस ज्याला मानतो त्याला स्मरूनच पाळतो. आपल्याकडे नवे भात दाराला बांधल्याशिवाय घरात शिजवत नाहीत. देवराईतली काटकी राबासाठी न तोडण्याचा रिवाज जिथे पाळला गेला तिथेच जुने झाड टिकले. इस्लाममध्ये पिकावरही दान सांगितले आहे. नुसत्या पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, स्वतः पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या नावे दान धरले जाते. बौद्ध भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहायचे, त्यामागे कोवळे पीक आणि बारीक जीव तुडवले जाऊ नयेत हाही विचार होता. वसईचे ख्रिस्ती शेतकरी ऑक्टोबरात नवे भात चर्चमध्ये नेऊन आगेरा साजरा करतात. वाटा निराळ्या, पण माती ही आपल्या एकट्याची नाही, हे प्रत्येकाला त्याच्या धर्माने शिकवलेले आहे.

महाडला हे नवे नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले, तेव्हा अनेकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी कुणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. पाणी कुणाचे आणि जमीन कुणाची, या प्रश्नावर शेजारधर्म कसा असतो ते या तालुक्याने पाहिलेले आहे.

आपल्याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण विनोबांचे. जन्म ११ सप्टेंबर १८९५, पेण तालुक्यातील गागोदे. त्यांनी गीताई लिहिली, तसे कुराण-सार आणि ख्रिस्तधर्म-सारही काढले. पवनारला बैलाशिवाय, हाताने शेती करून पाहिली. तिला ते ऋषिशेती म्हणत. पुढे मध्य प्रदेशात होशंगाबादजवळ रसुलिया येथे क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती केंद्राने नांगरट व रसायने सोडून शेतीचा प्रयोग केला, तोही ‘ऋषिखेती’ याच नावाने. नाव हिंदू, केंद्र ख्रिस्ती, आणि विचारांचा आधार जपानच्या फुकुओका यांचा. मातीला त्याची अडचण झाली नाही.

आता एक नाजूक गोष्ट. जीवामृताचा विषय निघाला की काहींना वाटते हा पूजेचा भाग आहे, आणि काहीजण बैठकीतून उठतात. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे जिवाणूंचे विरजण आहे, एका एकराला पुरते. ज्याच्याकडे गाय नाही त्याने म्हशीचे शेणखत, शेळ्यांचे लेंडीखत, गांडूळखत वापरावे. प्रमाणपत्राला खत सेंद्रिय लागते. शेतकरी कोणत्या देवाला हात जोडतो ही चौकशी त्यात नाही.

या पावसाळ्यात एवढे करावे. पहिले, सामाईक बांधांवर दोन्ही बाजूंच्या मालकांनी मिळून गिरिपुष्प लावावे. झाडे वाढली की चिखलणीच्या आधी गुंठ्याला सुमारे ३० किलो हिरवा पाला खाचरात पसरावा. राबासाठी डोंगर उघडा करण्याची गरजही कमी होईल. २२ जुलै २०२१ च्या तळियेच्या दरडीनंतर उतारावरचे प्रत्येक झाड मोलाचे आहे. दुसरे, दाढीत भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी. रोपे निबर होतात आणि सुलभ निघतात. चारसूत्री पद्धतीतली ही दोन सूत्रे घ्यावीत, पण युरिया-डीएपीच्या गोळ्या सेंद्रिय गटाला चालत नाहीत. तिसरे, पाहणीला जाताना तिघे निराळ्या वाड्यांचे असावेत. भावकीने भावकीचे शेत तपासले तर शेरा नेहमी चांगलाच येतो.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींना विनंती, की गटाची पहिली बैठक देवळात, मशिदीत किंवा विहारात न घेता शाळेत अथवा बांधावर घ्यावी. सण सांभाळून तारीख ठरवावी. रमजानच्या रोज्यात दुपारची पाहणी नको, एकादशीच्या दिवशी दिंडीवाल्यांची गैरहजेरी मांडू नका, १४ एप्रिलला शिबिर ठेवू नका. गोष्टी लहान आहेत, पण गट यावरच टिकतो किंवा मोडतो.

बी पेरून आपण आभाळाकडे बघतो, तेव्हा आपण सगळेच श्रद्धावान असतो. तेवढा विश्वास बांधापलीकडच्या माणसावरही टाकून बघा. त्याच्या खाचरातून आलेले पाणी चांगले असेल, तरच आपला तांदूळ चांगला.