गरोदरपणातील मानसिक आरोग्य आणि आत्महत्येचा धोका : दोंडाईचा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : गरोदर स्त्रीच्या तपासणीत वजन, रक्तदाब व हिमोग्लोबिन यांची नोंद होते, मनःस्थितीची विचारपूस मात्र अनेकदा राहून जाते. सततची उदासी ‘डोहाळे’ म्हणून दुर्लक्षिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या वर्गीकरणानुसार गरोदरपणातील आत्महत्या ही प्रत्यक्ष मातामृत्यूत गणली जाते. म्हणजेच हा प्रश्न केवळ कौटुंबिक नसून माता-आरोग्याचा आहे.

गोव्यातील अभ्यास : डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांपैकी ७८ टक्के मातांना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता. आर्थिक ओढग्रस्त व पती-पत्नींमधील बेबनाव ही त्यामागील महत्त्वाची कारणे होती. यावरून प्रसूतीपूर्वीच विचारपूस होणे आवश्यक ठरते.

स्थानिक विचार : दोंडाईचा परिसरात पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी येते. सासरी तपासणी करणारी परिचारिका व आशा कार्यकर्ती येथे बदलते आणि आधीची माहिती मागे राहते. ही माहिती कार्डावर लिहिल्यास घरातील इतरांच्या हाती पडू शकते. म्हणून स्त्रीच्या संमतीने एका आशाने दुसरीला ती प्रत्यक्ष कळवणे हितावह होय. दर महिन्याच्या ९ तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातील तपासणीत सासू अथवा पती यांना थोडा वेळ बाहेर बसवून, आवश्यक तेथे अहिराणीत, दोन प्रश्न विचारता येतील : मन सतत उदास असते काय? जीव नकोसा वाटतो काय? असे विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजतो, हा समज निराधार आहे. उलट बोलण्यास वाट मिळते.

उत्तर होकारार्थी आल्यास स्त्रीला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पुढील उपचारासाठी धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. चालू असलेली मानसिक आजाराची औषधे परस्पर बंद करू नयेत. ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा २०२२ पासून अहोरात्र उपलब्ध आहे. पोलीस प्रकरणाच्या भीतीने उपचार टाळू नयेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवला जात नाही.

निष्कर्ष : या कामासाठी नवीन यंत्रणेची वाट पाहण्याचे कारण नाही. असलेल्या तपासणीतच एकांतात दोन प्रश्न विचारणे आणि सासर-माहेर यांमधील उपचाराचा धागा तुटू न देणे, एवढ्यानेही माता व बालक या दोघांचे प्राण वाचू शकतात.