कॅमेरा घेऊन कृष्णाकांठीं

थंडीच्या दिवसांत पहांटे पांच वाजतां अंथरूण सोडून बाहेर पडणारा मनुष्य एक तर व्रतस्थ असला पाहिजे, नाहीं तर त्याला छायाचित्रें काढण्याचा नाद असला पाहिजे. आमची गणना दुसऱ्या वर्गांत होते. घरांतील मंडळी या नादाला म्हातारपणचें खूळ म्हणतात, आणि तें आम्हीं केव्हांच मान्य करून टाकलें आहे. हल्लीं ज्याच्या त्याच्या खिशांतील फोनमध्यें कॅमेरा असतो आणि एका लग्नांत हजार चित्रें निघतात, हें आम्हांस ठाऊक नाहीं असें नाहीं. परंतु आमच्याजवळ भात्याचा एक जुना कॅमेरा आहे. त्यांत फिल्मची गुंडाळी घालावी लागते, आणि एका गुंडाळींत बाराच चित्रें निघतात. बाराच असल्यामुळें प्रत्येक चित्रापूर्वीं थांबावें लागतें. त्या थांबण्यांत आम्हांस जो आनंद आहे, तोच आम्हांला भर थंडींत घराबाहेर काढतो.

गेल्या डिसेंबरच्या अखेरीस चार दिवस वाईस आमच्या मावसबहिणीकडे राहण्याचा योग आला. पुण्याहून वाई सुमारें ९० किलोमीटर. खंबाटकीचा घाट ओलांडला, कीं हवेंतला फरक कानांना कळूं लागतो. महाबळेश्वराहून खालीं उतरणारी कृष्णाबाई येथें घाटांच्या पायऱ्यांशीं संथ होते. गणपति आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचें देऊळ आहे. तें गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं इ. स. १७६२ मध्यें बांधलें. दर्शनाला जाणारे पुष्कळ. पण देवळाच्या मागील बाजूस वळसा घालून पाहणारे थोडे. तेथील भिंत सपाट नसून माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे. पुराचें पाणी तिच्यावर आदळून दोन्ही अंगांस फांकावें आणि देवळास धक्का लागूं नये, अशी ती योजना. बांधणाराला आपल्या घराशेजारच्या नदीचा स्वभाव ठाऊक होता.

पहिल्याच दिवशीं साडेपांचला आम्ही निघालों. डोक्याला कानटोपी, गळ्यांत कॅमेरा, आणि खिशांत बहिणीनें कोंबलेल्या आलेपाकाच्या वड्या. घाटावर आलों तों नदी दिसतच नव्हती. निरभ्र रात्रीं जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडून देते. जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन डोंगरउतारांवरून खोऱ्यांत येऊन बसते. नदीचें पाणी मात्र तितकें थंड झालेलें नसतें. त्याची वाफ त्या गार हवेंत थिजते आणि धुकें बनतें. शास्त्र इतकेंच, पण डोळ्यांना दिसतें तें असें, कीं कोणी तरी कृष्णाबाईच्या अंगावर दुलई घालून ठेवली आहे. नवशिक्यांना येथें एक सूचना करावीशी वाटते. धुकें पांढरें असल्यामुळें प्रकाश मोजणारें यंत्र फसतें आणि चित्र काळवंडतें; म्हणून धुक्यांत प्रकाश थोडा अधिकच द्यावा. हा धडा आम्ही दोन गुंडाळ्या वांया घालवून शिकलों आहों.

वाईच्या पश्चिमेस सुमारें तीन किलोमीटरांवर मेणवली. नाना फडणविसांना हें गांव इनाम मिळालें, आणि येथें त्यांनीं वाडा, घाट व देवळें बांधलीं. राज्याचा कागद न कागद जपणारा हा पुरुष. त्यांचें प्रसिद्ध 'मेणवली दप्तर' पुढें इतिहाससंग्राहक रावबहादुर पारसनीस यांच्या हातीं आलें, आणि आज तें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आहे. घाटावरील एका लहानशा देवळींत मोठी घंटा टांगलेली आहे. इ. स. १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई घेतली, तेव्हां पोर्तुगीजांच्या प्रार्थनामंदिरांतील ज्या घंटा मराठी मुलुखांत आल्या, त्यांपैकीं ही एक. तिच्यावर माता मेरी आणि बाळ येशू यांची आकृति आहे. परक्या देवाची घंटा आपल्या देवाच्या अंगणांत इतकीं वर्षें सुखानें नांदत आहे, हें पाहून आम्हांस नेहमींच बरें वाटतें.

सूर्य डोंगराआडून वर आला, धुकें सोनेरी झालें, आणि आम्हीं कॅमेरा डोळ्याला लावला. तोंच एक गृहस्थ शाल गुंडाळून नेमके मधल्या पायरीवर येऊन बसले. ते उठतील म्हणून आम्हीं पांच मिनिटें वाट पाहिली. अखेर त्यांनींच मागें न वळतां म्हटलें, "फोटो काढणारे दिसतां. माझी अडचण होत असेल तर स्पष्ट सांगा. मला अशा माणसांची संवय आहे."

तो आवाज ऐकतांच आम्ही चपापलों. पुण्याच्या वसतिगृहांत ज्याच्या शेजारच्या खाटेवर आम्हीं चार वर्षें काढलीं, तोच हा आवाज! आम्हीं त्याच्या नांवानें हांक मारली. तो वळला, घटकाभर पाहत राहिला, आणि म्हणाला, "अरे, तू? केस कुठें ठेवून आलास?"

पंचेचाळीस वर्षांपूर्वींची मैत्री पायरीवर बसून पुन्हा सुरू झाली. आलेपाकाच्या वड्या संपल्या. मुलेंबाळें, नातवंडें, रक्तदाब, गुडघे असे सर्व विषय क्रमानें झाले. मग आमचे स्नेही बराच वेळ पाण्याकडे पाहत गप्प बसले.

"तुला आमचा वाडा आठवतो ना?" त्यांनीं विचारलें.

न आठवायला काय झालें? दिवाळीच्या सुटींत आम्ही दोनदां त्या वाड्यांत राहिलों होतों. चौक, तुळशीवृंदावन, एका पंक्तीला पंचवीस पानें. स्नेह्यांचे थोरले बंधु, ज्यांना सारेंच घर दादा म्हणे, ते एका काळ्या पेटी कॅमेऱ्यानें घरांतल्या सर्वांचीं चित्रें काढीत. आमचा हा नादही मुळांत त्यांनींच लावलेला.

"तो वाडा संक्रांतीनंतर पाडायचा आहे. सह्या करण्यासाठींच मी आलों आहें," स्नेही म्हणाले. "मी सोळा वर्षांनीं या गांवांत पाऊल टाकलें. ठाण्यास जागा घ्यायची होती, म्हणून मीं दादाजवळ माझा हिस्सा मागितला. मागितला तो तोंडानें नव्हे, वकिलाकडून पत्र धाडून. दादानें एका अक्षराचें उत्तर दिलें नाहीं. कर्ज काढून रकम पाठवून दिली. त्यानंतर मला इथें यायला तोंड राहिलें नाहीं. दोन वर्षांपूर्वीं तो गेला, तेव्हां मी परदेशांत मुलीकडे होतों. तेराव्याला भिंतीवर लावायला घरांत त्याचा एक फोटो मिळेना. साऱ्या घराचे फोटो त्यानें काढले, त्याचा कोणीं काढला? शेवटीं ओळखपत्रावरचें चित्र मोठें करून लावलें. तें त्याचें आहे असें मला वाटतच नाहीं."

आम्हांस कांहीं बोलतां येईना. उठतांना ते म्हणाले, "उद्यां पहांटे घरीं ये. वहिनींनीं धुंधुरमास योजला आहे. वाड्यांतला हा शेवटला. आणि येतांना तुझा कॅमेरा आण."

दुसरे दिवशीं तांबडें फुटण्यापूर्वीं आम्ही वाड्यांत पोंचलों. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, मुगाची खिचडी, वांग्याची भाजी, गुळाची पोळी असा नैवेद्य सूर्योदयापूर्वीं झाला. वाढीत होत्या त्या सत्तरी उलटलेल्या थोरल्या वहिनी. चुलीजवळचें तें दृश्य टिपावें म्हणून आम्हीं कॅमेरा उघडला, तों भिंगावर वाफ धरून सगळें अंधुक! बाहेरच्या गारठ्यांतून आलेलें भिंग ऊबदार माजघरांत असें घामेजतेंच. तें रुमालानें पुसूं नये. आपोआप निवळूं द्यावें. तें निवळेपर्यंत वहिनींनीं दादांचा अल्बम आमच्यापुढें आणून ठेवला.

जुन्या काळीं घरीं छायाचित्र काढणें हा समारंभ असे. ही कला जगापुढें आली इ. स. १८३९ मध्यें, मुंबईस छायाचित्रकारांची संस्था निघाली ती १८५४ मध्यें, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्यांतील आरंभींच्या एतद्देशीय मंडळींपैकीं एक होते. त्या वेळीं कांचेवर चित्र उमटे, आणि कांहीं सेकंद तरी पुतळ्यासारखें बसावें लागे. आपल्या पणजोबांची मुद्रा चित्रांत इतकी कठोर कां, याचें अर्धें उत्तर यांत आहे. पण छायाचित्रकार बाहेरून येई, म्हणून घरांतील सारी मंडळी चित्रांत बसत. पुढें १८८८ मध्यें ईस्टमन यांचा गुंडाळीचा कॅमेरा निघाला, कालांतरानें तो साध्या गृहस्थाच्या आटोक्यांत आला, आणि घरांतलाच एक जण छायाचित्रकार झाला. सोय झाली, मात्र तेव्हांपासून तो एक जण चित्रांतून नाहींसा झाला.

अल्बम चाळतां चाळतां स्नेह्यांचा हात एका चित्रावर थांबला. त्यांच्या मुंजीचें चित्र. चौकांत चाळीसएक माणसें दाटीनें बसलेलीं. आणि पुढच्या मोकळ्या फरशीवर एक लांब सावली पडलेली, दोन्ही कोंपरें बाहेर, पोटाशीं धरलेली पेटी. पेटी कॅमेऱ्याचा नियमच असा, कीं सूर्य काढणाराच्या पाठीशीं हवा. त्यामुळें सकाळच्या वेळीं त्याची सावली चित्रांत शिरावयाची. आम्हीं चित्र अलगद सोडवून पाठ पाहिली. तेथें दादांच्या वळणदार अक्षरांत पेन्सिलीनें डावीकडून उजवीकडे सर्वांचीं नांवें होतीं, आणि शेवटीं लिहिलें होतें, "पुढील सावली : मी."

स्नेह्यांनीं चष्मा काढून ठेवला. वहिनी जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, यांत मीही नाहीं. त्या दिवशीं मी सोंवळ्यांत होतें. शंभर पानांचा स्वयंपाक. मला कोण बोलावणार?"

हें त्या तक्रारीच्या स्वरांत बोलल्या नाहींत, म्हणूनच आम्हांस अधिक लागलें. त्यानंतर आम्हीं सारा अल्बम त्या दृष्टीनें पुन्हा पाहिला. पंगतींचीं चित्रें होतीं, वाढणाऱ्यांचे हात होते. पण वाढणाऱ्यांचे चेहरे फार थोडे.

नऊच्या सुमारास ऊन चौकांत उतरलें. वहिनींनीं वृंदावनाजवळ बसावें, अशी आम्हीं विनंति केली. "माझा कशाला? वृंदावनाचा काढा," असें त्या आधीं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी शेजारीं बसणार असतील तर बसतें. सोळा वर्षांत त्यांचाही फोटो या घरांत नाहीं."

आमचे स्नेही कांहीं न बोलतां त्यांच्या पायांशीं पायरीवर बसले. त्यांनीं वर पाहून एवढेंच म्हटलें, "वहिनी, मीं तें पत्र लिहायला नको होतें."

"नकोच होतें," वहिनी म्हणाल्या. "पण तुमच्या मुंजीचा फोटो त्यांनीं कधीं अल्बमांतून काढला नाहीं. आतां पुढें बघा."

डिसेंबरअखेर वाईस भर दुपारींही सूर्य क्षितिजापासून सुमारें ४९ अंशांवरच असतो. नवाच्या उन्हांत माणसाची सावली दुप्पट लांब पडावी यांत नवल नाहीं. आमची सावली थेट त्या दोघांच्या पायांपर्यंत गेली होती. संवयीप्रमाणें आम्ही बाजूस सरूं लागलों, तों वहिनींनीं हात वर केला. "राहूं द्या ती. या चौकांत ती नवी नाहीं." आम्हीं कळ दाबली.

आतां तो वाडा उभा नाहीं. सह्या झाल्या, त्या व्हावयाच्याच होत्या. वहिनी मुलाकडे पुण्यास आल्या आहेत, आणि आमचे स्नेही दर महिन्याला ठाण्याहून त्यांना भेटून जातात. दोघांच्याही घरीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं लावलेलीं आहेत : एक मुंजीचें, दुसरें आमचें. ओळखपत्रावरून मोठें केलेलें तें चित्र त्यांनीं उतरवून ठेवलें.

वाचकांस उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या घरांतील जुनीं चित्रें एकदां बाहेर काढावीं, वडील मंडळींना विचारून मागें पेन्सिलीनें नांवें आणि सालें लिहून ठेवावीं. फोनमधल्या हजारोंपैकीं दहा-वीस तरी कागदावर उतरवून घ्यावीं, म्हणजे त्यांनाही लिहावयास पाठ मिळेल. आणि पुढील सणाला पंक्तीचें चित्र काढण्याची वेळ आली, कीं अगोदर माजघरांत जाऊन चुलीपुढच्या माणसाला हांक मारावी, आणि कॅमेरा क्षणभर दुसऱ्याच्या हातीं देऊन आपणही त्या माणसाशेजारीं जाऊन बसावें. भाजी थोडी करपली तरी चालेल.